टाळ धरा, पण वाजवू नका

"काका, टाळ हातात असू द्या, पण वाजवू नका, लय बिघडते," असे पखवाजवाल्याने काल एकादशीच्या भजनात एका नवख्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. दोन टाळांच्या मध्ये बोट घालून ते शेवटपर्यंत मुक्यानेच ठेका धरत राहिले.

पखवाजवाल्याचे अगदीच चुकले, असे म्हणवत नाही. लय दुगुनीत (दुप्पट वेगात) गेली की एखादा चुकलेला टाळही सगळ्यांना मागे खेचतो. पण वारकरी भजनाची बांधणीच अशी आहे की चरण जाणत्याने म्हणायचे आणि धृपद (पुन्हापुन्हा येणारी ओळ) सर्वांनी उचलायचे. संथ लयीतल्या त्या धृपदात नवख्याला हात बसवायला पुरेशी जागा असते.

अलीकडे मंडळांना भजनस्पर्धांचे वेध असतात (तिथे कसून तालीम हवीच), आणि त्यामुळे साधी एकादशीसुद्धा परीक्षेसारखी होऊ लागली आहे, असे मला वाटते. स्पर्धेसाठी निवडक मंडळी वेगळी बसोत. एकादशीला मात्र पहिले एकदोन अभंग संथ ठेवून नवख्याला मुरलेल्या टाळकऱ्याशेजारी उभे केले, तर काय बिघडेल?