कच्छहून काय आणायचं? आधी बनताना बघितलं, मग घेतलं – माझा अनुभव

डिसेंबरमध्ये कच्छला जायचं ठरलं तेव्हा बुकिंग, धोर्डोचं रण, काळो डुंगर, मांडवी हे सगळं नवऱ्याने बघितलं आणि तिथून कोणाला काय आणायचं हे खातं माझ्याकडे आलं. मला हे काम मनापासून आवडतं. पण या वेळी पक्कं ठरवलं होतं की जे आणेन ते घरोघरी वापरात राहिलं पाहिजे आणि ते तिथेच, कच्छमध्येच, कोणाच्या तरी हाताने बनलेलं असलं पाहिजे. फ्रिज मॅग्नेट, कीचेन, गावाचं नाव छापलेले मग हे कुठेही मिळतं, त्यासाठी कच्छ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास कशाला करायचा.

आम्ही मुलुंडला राहतो आणि मुलुंड-घाटकोपर म्हणजे कच्छी लोकांचं माहेरघरच, आमच्या शेजारच्या काकूही मूळच्या भुजकडच्याच. निघायच्या आधी त्यांच्याकडे चहाला जाऊन बसले आणि त्यांनी एका वाक्यात अख्खं शॉपिंग लावून दिलं, "अजरख पाहिजे तर अजरखपूर, शाल पाहिजे तर भुजोडी, घंट्या आणि लाखेचं पाहिजे तर निरोणा, मार्केटमध्ये शेवटी जा." (अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापून रंगवलेलं कापड.) मग घरी येऊन यादी केली, त्यात वस्तू लिहिल्या नाहीत, फक्त माणसं लिहिली आणि प्रत्येकापुढे अंदाजे किती खर्च करायचा ते. सासूबाईंना थंडी बाधते. बहीण रोज ऑफिसला कॉटनचंच घालते. आत्या स्वयंपाकघरात रमते. मामेभावाने नवीन घर घेतलंय. आणि काकू, ज्या आम्ही नसताना आमच्या झाडांना पाणी घालणार होत्या. ही यादी मोबाईलमध्ये होती आणि खरंच सांगते, दुकानात उभं राहिल्यावर "हे किती छान आहे, घेऊन ठेवूया, कोणाला तरी होईल" असं वाटायला लागलं की ती उघडायची, नाव सापडलं नाही तर वस्तू परत खाली.

भुजला उतरल्यावर गाडी केली आणि पहिल्याच दिवशी ड्रायव्हरभाईंना सांगून टाकलं की आम्हाला एम्पोरियममध्ये नाही जायचं, जिथे बनतं तिथे जायचंय. टुरिस्ट गाड्यांना काही दुकानांकडून कमिशन असतं, ते त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहे हे मला कळतं, त्यामुळे दिवसाचं भाडं ठरवतानाच थोडे जास्त देऊ केले आणि विषय संपला. पुढे त्यांनीच आम्हाला आतल्या गल्ल्यांमधली घरं दाखवली.

आधी गेलो अजरखपूरच्या एलएलडीसी, म्हणजे लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर, या हस्तकलांच्या म्युझियममध्ये. हे श्रुजन संस्थेचं आहे, 1969 च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी गावातल्या बायकांना भरतकामाचं काम देऊन ज्याची सुरुवात केली तेच हे श्रुजन. खरेदीच्या आधी म्युझियम का, तर उत्तम काम कसं दिसतं हे डोळ्यात बसलं पाहिजे म्हणून. तिथे सूफ भरतकाम बघितलं, कापडावर काहीही न आखता, धागे मोजत, उलट्या बाजूने भरतात आणि सुलट बाजूला बारीक बारीक त्रिकोणांची नक्षी उमटते. मी त्या काचेसमोरून हलेचना. तिथून बाहेर पडल्यावर रस्त्याकडेच्या दुकानात टांगलेल्या पिशव्या बघताना फरक आपोआप कळायला लागला: मशीनचं भरतकाम उलटं केलं की मागे सगळीकडे एकाच रंगाचा बारीक दोरा धावलेला असतो, हाताच्या कामात मागे तेच रंग दिसतात जे पुढे आहेत, मध्ये गाठी, मध्ये धागा एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेला. आरसेही बघायचे, खऱ्या काचेचे आहेत की चमकत्या प्लॅस्टिकच्या टिकल्या.

अजरखपूर गाव तसं नवीनच आहे. अजरख करणारे हे खत्री समाजाचे कारागीर आधी धमडका गावात असायचे, 2001 च्या भूकंपात त्या गावाची वाताहत झाली आणि तिथल्या पाण्यात लोखंडाचं प्रमाण वाढून रंग नीट बसेनात, म्हणून बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ जमीन घेऊन हे गाव वसवलं. अजरखचं सगळं पाण्यावर चालतं हो, सतत धुणं, भिजवणं, परत धुणं.

आम्ही एका कारखान्यात गेलो, तिथल्या काकांनी न विचारताच सगळं फिरून दाखवलं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात, ते पिवळसर दिसतं. मग चुना आणि डिंकाचा लेप सागवानी ठशाने उमटवतात, जिथे पांढरं राहायला पाहिजे तिथे. काळा रंग म्हणजे गंजलेलं लोखंड आणि गूळ बरेच दिवस पाण्यात आंबवून केलेलं काट, म्हणजे कापडावर रंग पक्का धरवणारं पाणी, त्यात चिंचोक्याची पूड घालून घट्ट करतात, आणि हिरड्याच्या कापडावर तो ठसा पडला की डोळ्यांदेखत काळा होतो. लाल जिथे हवा तिथे तुरटीचा ठसा, तो तेव्हा लाल नसतोच, शेवटी मंजिष्ठेच्या (लाल रंग देणाऱ्या मुळांच्या) पाण्यात उकळल्यावर लाल येतो. आणि निळीच्या हौदातून कापड बाहेर काढलं तेव्हा ते चक्क हिरवट होतं, बघता बघता हवा लागून निळं झालं, माझी बहीण व्हिडिओ कॉलवर होती ती तिकडून ओरडलीच. हिरडा, तुरटी, चिंचोके, गूळ, डाळिंबाची सालं, अहो आपल्या आजीच्या फडताळात असलेल्या वस्तू या, आणि त्यातून हा रंग!

एवढं बघितल्यावर खरं-खोटं ओळखायला सोपं जातं. भुजच्या मार्केटमध्ये दोन-तीनशेला मिळतं ते बहुतेक स्क्रीन प्रिंट, "अजरख प्रिंट" म्हणून विकतात, डिझाइन तेच पण सगळं शिस्तीत एकसारखं. ठशाच्या कामात जिथे एक ठसा संपून दुसरा लागतो तिथे कुठे केसभर फट असते, कुठे रेघ थोडी दुहेरी पडते, मी ती जोडणी शोधते आणि मग कापड उलटं करून रंग मागे कितपत उतरलाय ते बघते. काकांना सरळ विचारलं, यात काय नैसर्गिक आणि काय केमिकल? त्यांनी तितकंच सरळ सांगितलं की या ढिगातले नैसर्गिक, त्या ढिगात लालसाठी तयार अलिझरिन, म्हणजे केमिकलचा लाल रंग, वापरलंय, म्हणून स्वस्त. जो माणूस असं वेगळं करून सांगतो त्याच्याकडून मी डोळे मिटून घेते. बहिणीसाठी निळा-लाल ड्रेसपीस घेतला. कच्छ अजरखला 2024 मध्ये जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण टॅगची चिठ्ठी बघण्यापेक्षा हे प्रश्न विचारले तर जास्त कळतं असं माझं मत.

भाव करायचा की नाही यावर नवऱ्याचं आणि माझं गाडीत बरंच बोलणं झालं. मार्केटमध्ये मी बिनधास्त करते. पण जो माणूस समोर बसून ते बनवतोय त्याला "कमी करा ना भैया" म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही, मी सरळ सांगते की माझं बजेट इतकं आहे, त्यात काय बसेल? मग ते स्वतःच लहान आकाराचं किंवा साध्या नक्षीचं काहीतरी काढून देतात आणि दोघंही खूश.

भुजोडी तिथून जवळच. घराघरात खड्ड्यातले माग, विणकर पाय खाली सोडून बसलेला. पूर्वी रबारी लोक मेंढ्यांची लोकर आणून द्यायचे आणि हे वणकर त्यांना घोंगडी, ओढण्या विणून द्यायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. शालीच्या काठावरची ती छोटी नक्षी, डमरूसारखी, झाडासारखी, ती विणतानाच हाताने वेगळा धागा घालून केलेली असते, नंतर भरलेली नसते. पॉवरलूमची नक्कल उलटी केली की मागे कापलेले धागे लोंबताना दिसतात, हातमागाची मागूनही नीटस असते.

इथे एकच प्रश्न महत्त्वाचा, लोकर आहे की ॲक्रिलिक? कारण ॲक्रिलिकच्या शालीही इथे हातमागावर विणतात, त्या खोट्या नाहीत, मऊ आणि स्वस्त असतात, पण लोकरीचा भाव देऊन ॲक्रिलिक घेऊ नये. विणकरभाईंनी काठाचा एक सुटा धागा तोडून काडी लावून दाखवला, लोकर जळाली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, ॲक्रिलिकचा वितळून कडक मणी होतो. सासूबाईंसाठी देशी लोकरीची, नैसर्गिक करड्या रंगाची शाल घेतली. थोडी टोचते, पण ऊब काय आहे म्हणून सांगू. माझ्यासाठी काला कॉटनचा स्टोल घेतला, ही कच्छमधली कापसाची जुनी देशी जात, पावसाच्याच पाण्यावर येते, फवारणी वगैरे लागत नाही, खमीर संस्थेने तिला परत चालना दिली. हाताला जरा जाडसर लागतो पण धुवून धुवून छान मऊ पडतो.

निरोणा भुजपासून साधारण 40 किलोमीटर, रणाकडे जाताना थोडी वाट वाकडी करून होतं. तिथे मी सगळ्यात जास्त रमले. रोगनचं काम बघितलं, एरंडेल तेल तासन्‌तास उकळून थंड पाण्यात ओततात, त्याचा चिकट गोळा होतो, त्यात रंग घोटायचा. तो रंग तळहातावर घेऊन लोखंडी सळईने त्याची तार ओढतात आणि सळई कापडाला न टेकवता वरूनच रेघ सोडत जातात. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडून दाबायचं, दुसरी अर्धी उमटते. हेच ते काम ज्यातला कल्पवृक्ष 2014 मध्ये मोदींनी ओबामांना भेट दिला होता, आणि इथल्या अब्दुल गफूर खत्रींना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. मोठा कल्पवृक्ष आमच्या बजेटबाहेरचा होता, मामेभावाच्या नवीन घरासाठी तळहाताएवढं काम घेतलं, फ्रेम मुलुंडला करू म्हटलं, काच सांभाळत कोण आणणार.

मग घंट्या. लोहार कुटुंबं भंगारातल्या लोखंडी पत्र्याच्या करतात, वेल्डिंग नाही, पत्रा पत्र्यात अडकवून ठोकून जोडतात, त्यावर तांब्या-पितळेची पूड आणि टाकणखार लावून, मातीत लपेटून भट्टीत भाजतात. माती फोडली की आत तांबूस सोनेरी घंटा. आतला लोलक लाकडी. मूळ या गुरांच्या गळ्यातल्या, आवाजावरून मालकाला कळायचं आपलं जनावर कुठे चरतंय. आम्हाला वाटलं एक उचलायची नि पैसे द्यायचे, तर त्या भाईंनी एकाच मापाच्या चार घंट्या समोर मांडल्या आणि म्हणाले वाजवून बघा. प्रत्येकीचा आवाज निराळा! एकीचा त्यांनाच पटला नाही, त्यांनी बारीक हातोडीने कड दोन-तीनदा ठोकली, कानाशी नेली, परत ठोकली, आणि खरंच तिचा आवाज मोकळा झाला. तीच घेतली, काकूंच्या दारासाठी. घंटा घ्यायची तर दिसण्यावर जाऊ नका, शांतपणे कानाने निवडा.

आत्यासाठी लाखेचं लाटणं. वाढा समाजाचे कारागीर दोरी आणि धनुष्याने लाकूड फिरवतात, त्यावर रंगीत लाखेची कांडी धरतात, घर्षणाने लाख वितळून चढते आणि बोट हलवून हलवून नागमोडी नक्षी पाडतात. मी विचारलं पोळ्या लाटायला चालेल का, तर त्यांनी मधला भाग साधा आणि फक्त मुठी रंगवलेलं काढून दिलं. आत्याला हेच हवं होतं.

भुजच्या बाजारात शेवटी गेलो, बांधणी बघायला. चांगला दुकानदार बांधणी गाठी न सोडता दाखवतो, घेतल्यावर तुमच्यासमोर दोन्हीकडून ओढतो आणि टपटप करत सगळे दोरे सुटतात, फार गोड आवाज असतो तो. आधीच उघडलेली असेल तर कापड किंचित उठलेलं, चुणीचं लागतं का ते बघायचं, छापील बांधणी सपाट असते. यादीत कोणाचं नाव उरलं नव्हतं म्हणून घेतली नाही. ऑफिससाठी दाबेलीचा मसाला आणि अडदिया घेतला, अडदिया उडदाच्या पिठाचा, साजूक तुपातला, थंडीतच मिळतो, आमच्या डिपार्टमेंटमध्ये दुपारपर्यंत डबा रिकामा.

आल्यावर प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी लिहून दिली, कुठल्या गावची, कशापासून बनली आणि कशी सांभाळायची. अजरख पहिल्या काही वेळा वेगळं, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं, निळीचा थोडा रंग सुरुवातीला हाताला लागतोच. लोकरीची शाल ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला. लाखेचं लाटणं गरम पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. व्हिडिओही ज्याचा त्याला पाठवले, आत्याने तो लाटण्याचा व्हिडिओ भिशीच्या ग्रुपवर टाकला आणि आता तिथल्या तिघी विचारतायत.

जाणार असाल तर निरोणाला सकाळी लवकर जा, दुपारी रणाकडे निघालेल्या बसगाड्यांची गर्दी होते आणि मग कारागिरांना निवांत बोलायला वेळ मिळत नाही. अजरखपूरला शुक्रवारी दुपारी नमाजची वेळ असते, ती टाळा. यूपीआय आम्हाला सगळीकडे चाललं, पण आतल्या गावांत नेटवर्क जातं, थोडी कॅश जवळ असू द्या.