तांदाहिंब्याचा लिलाव

ऑक्टोबर २०१८ मध्ये टांझानियाच्या दक्षिणेकडील तांदाहिंबा येथे काजूचा जो लिलाव झाला, त्यात शेतकऱ्यांनी आलेली प्रत्येक बोली नाकारली, आणि खरेदीदाराच्या बाजूचा ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत तपासणारा, म्हणून मी तेथे हजर होतो.

कोकणातील काजूची बी मार्च ते मे या काळात येते, तर विषुववृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या टांझानियाच्या म्त्वारा आणि लिंडी प्रांतांतील बी ऑक्टोबरपासून बाजारात उतरते, म्हणून आपल्याकडील कारखाने वर्षाचा उरलेला काळ तिच्यावर चालवतात. तरीही कार्यालयातून येणारा प्रत्येक फोन ‘आफ्रिकेचा माल कसा आहे’ एवढेच विचारतो. मोझांबिक वेगळा, टांझानिया वेगळा, हे त्यांना भावातील फरकापुरतेच ठाऊक असते.

गोदामातील पोत्यांत टोकदार नळी खुपसून मी नमुने काढले, ते एकत्र करून एक किलो बी मोजली, ओलावा तपासला आणि एकेक बी कातरून गर निवडला. चांगला गर २७० ग्रॅम भरला आणि डागी २० ग्रॅम. डागी गर निम्माच धरायचा असल्याने २८० ग्रॅम, म्हणजे ८० किलोंच्या पोत्यामागे ४९ पौंडांहून थोडा अधिक गराचा उतारा मिळाला. बोटांना चीक लागून कातडी सोलली गेली, तरी असा माल कातरताना त्याचे काही वाटत नाही.

येथे व्यापाऱ्याला शेतकऱ्याच्या दारात जाऊन खरेदी करता येत नाही. २००७ पासून लागू झालेल्या पद्धतीनुसार माल प्राथमिक सहकारी संस्थेमार्फत गोदामात जातो, त्याची पावती होते, आणि त्या हंगामात बंद बोली शेतकऱ्यांसमोर उघडल्या जात. त्या दिवशी मैदानात बहुसंख्य माकोंडे होते. वंश आईकडून मोजणारा हा समाज रुवुमा नदीच्या दोन्ही तीरांवर राहतो, आणि सभेत स्त्रियाही पुरुषांइतक्याच मोकळेपणाने बोलत होत्या. सव्वाशेच्या आसपास जमातींच्या या देशात पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी स्वाहिलीला राष्ट्रभाषेचे स्थान दिले. त्यामुळे लिलावातील बोलींचे वाचन आणि त्यावरचा वाद कोणालाही दुभाष्याविना कळत होता. (त्याच न्येरेरेंच्या काळात १९७० च्या दशकात लोकांना नव्या वसाहतींत हलवले गेले, झाडे दूर राहिली आणि काजूचे उत्पादन कोसळले, हेही येथील वृद्ध सांगतात.)

सर्वांत वरची बोलीही किलोला तीन हजार शिलिंगांपर्यंत पोहोचली नव्हती, आणि आदल्या हंगामात चार हजारांच्या घरातील भाव घेतलेले लोक समोर उभे होते. नकार गोंधळाविना झाला. आमच्यापैकी काहींनी त्यांना अडाणी म्हटले. मला ते पटले नाही, कारण मालाचा उतारा उत्तम आहे हे त्यांना माझ्या कागदाशिवायच माहीत होते.

नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी ३,३०० शिलिंग भाव जाहीर करून खरेदीसाठी सैन्य पाठवले. पुढे अनेकांचे पैसे रखडले आणि माल गोदामांत महिनोन्महिने पडून राहिला. नकार मला आजही योग्य वाटतो, परंतु गिऱ्हाईक ठरवण्याआधी भाव जाहीर करणे मला व्यापार म्हणून समजत नाही. पावसाळी हवेत पडून राहिलेल्या बीचा गर डागाळतो. माझ्या ४९ पौंडांच्या मालाचा मार्चनंतर किती उतारा उरला, हे मोजायला मला कोणी बोलावले नाही.