तुम्ही विचारलंत म्हणून: बेक्कारियाच का?

एनलाइटनमेंटचा, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातल्या बुद्धिवादी विचारांच्या चळवळीचा, विषय निघाला की मला हमखास विचारतात, रुसो, व्होल्तेर, लॉक एवढी मोठमोठी माणसं असताना तुम्ही सारखं त्या बेक्कारियाचंच नाव का घेता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

चेझारे बेक्कारिया इटलीतल्या मिलानचा. १७६४ मध्ये त्याचं गुन्हे आणि शिक्षांवरचं छोटंसं पुस्तक आलं तेव्हा तो जेमतेम २६ वर्षांचा होता, आणि तेही लेखकाचं नाव न टाकता, दूर लिव्होर्नोला छापलेलं. त्या काळी युरोपात बऱ्याच ठिकाणी आरोपीकडून कबुली घ्यायला त्याला छळणं हे चोरून नाही, रीतसर कायद्याने चालायचं. बेक्कारियाचा मित्र आलेस्सांद्रो वेर्री मिलानच्या कैद्यांची बाजू बघायचं काम करायचा, त्यामुळे तुरुंगात काय चालतं ते या मंडळींना नीट माहीत होतं.

बेक्कारियाने साधा प्रश्न विचारला. गुन्हा सिद्ध झालाय ना, मग छळता कशाला, सरळ कायद्यातली शिक्षा द्या. आणि सिद्ध झाला नसेल तर तुम्ही निरपराध माणसाला छळताय. वर त्याचं म्हणणं असं की छळाने खरं कळतच नाही, कोणाचं अंग किती सोसतं एवढंच कळतं, म्हणजे दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त बिचारा न केलेलं कबूल करून बसतो. मला हे वाचून अक्षरशः काटा आला होता. शिक्षा क्रूर असून गुन्हे थांबत नाहीत, ती नक्की होणार आणि लवकर होणार याचा धाक लागतो, हेही त्याचंच. फाशीबद्दल तर तो म्हणतो, खून करू नका सांगणारं राज्य स्वतःच चौकात खून कसा करतं? (अगदी मोजके अपवाद त्याने ठेवले होते, ते मला पटत नाहीत.)

१७६६ मध्ये चर्चने पुस्तकावर बंदी घातली, तरी रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने आपल्या कायद्याच्या मसुद्यात त्यातलं भरपूर उचललं आणि १७८६ मध्ये इटलीतल्या तोस्काना राज्याने मृत्युदंडच काढून टाकला.

आता आपल्याकडे बघा. पोलिसापुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही हे संविधानाच्या कलम २० मध्येच आहे, आणि तरी एखादा मोबाइलचोर सापडला की चांगली शिकली सवरलेली माणसं म्हणतात, दोन रट्टे द्या, पोपटासारखा बोलेल. यूएनच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून रॅटिफाय, म्हणजे अधिकृतपणे मंजूर, केलेला नाही.