भुऱ्यासाठी ट्रेनर शोधताना आलेला अनुभव

भुऱ्या आमच्याकडे आला तेव्हा अंदाजे पाच महिन्यांचा होता, इंडी म्हणजे आपला गावठी कुत्रा आहे, पार्किंगमधे गाड्यांखाली लपून बसायचा. घरातल्यांशी एकदम लाडिक पण बाहेरचा माणूस दिसला की शेपूट आत घेऊन भुंकत सुटायचा, आणि आम्ही म्हणायचो मोठा झाला की निवळेल. नाही निवळला. दीड वर्षाचा असताना आरओ दुरुस्त करायला आलेल्या दादांच्या पोटरीला चावला. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुतली आणि त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, भुऱ्याचं लसीकरण झालेलं होतं तरी त्यांचा रेबीजच्या इंजेक्शनांचा सगळा कोर्स पूर्ण करून घेतला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिला ट्रेनर ओळखीतून मिळाला. दहा मिनिटं बघून म्हणाला हा घरात अल्फा म्हणजे कळपाचा म्होरक्या झालाय, आधी तुम्ही जेवा मग त्याला द्या, आणि गुरगुरला की चोक चेनला (ओढली की गळा आवळणारी साखळी) झटका. आम्हाला काही कळत नव्हतं म्हणून केलं. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद, आम्ही खूश. आणि मग एक दिवस आई त्याच्या अंगावरून पलीकडची चादर उचलायला वाकली तर आवाज नाही काही नाही, सरळ हाताला धरलं तिच्या. गुरगुरणं म्हणजे तो सांगत होता की लांब हो, मला भीती वाटतेय, आणि आम्ही त्याचं ते सांगणंच बंद करून टाकलं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर वाचलं की लांडग्यांमधला अल्फा ही कल्पना लोकांपर्यंत पोचवण्यात डेव्हिड मीच या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता आणि त्यानेच १९९९ मधे लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं आईबाप आणि पिल्लांचं कुटुंब असतं. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन बघणाऱ्या व्हेट्सच्या संघटनेनेही २०२१ मधे स्पष्ट सांगितलंय की आक्रमक कुत्र्यांनासुद्धा बक्षीस देऊनच शिकवायचं, चोक चेन, प्राँग (आतून टोकं असलेला पट्टा), शॉकचा पट्टा काही नको.

दुसरा म्हणाला महिनाभर माझ्याकडे ठेवा, पण मधे भेटायला यायचं नाही. मी नाही म्हटलं.

मग आमच्या व्हेट मॅडम म्हणाल्या आधी त्याला कुठे दुखत नाही ना ते बघू, आणि कानात जुनं इन्फेक्शन निघालं. म्हणजे त्या कानाच्या खालीच आम्ही चेन ओढत होतो. ट्रेनरच्या आधी व्हेट, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला कसलं लायसन्स लागत नाही, त्यामुळे विचारायचं सगळं आपणच. मी तिसऱ्या वेळी फोनवर एकच प्रश्न आधी विचारायचे, कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? तिघांनी झटका, पाणी मारणं, जमिनीवर दाबून धरणं असलं सांगितलं आणि तिघांनीही दोन महिन्यांत बरा होईल अशी गॅरंटी दिली. चौथ्या ताई म्हणाल्या, चुकला म्हणजे मी त्याला झेपणार नाही एवढं जवळ नेलं, मी मागे येते. गॅरंटी देत नाही म्हणाल्या. मग चाळीस मिनिटं त्याच मला विचारत होत्या, कुठे झोपतो, कोणाला चावला, चावायच्या आधी कान कसे होते, ओठ चाटतो का, तोंड फिरवतो का.

पहिल्या दिवशी त्यांनी त्याला हातही लावला नाही. गेटपासून बरंच लांब उभं राहायचं, माणूस दिसला की उकडलेलं चिकन, माणूस गेला की चिकन बंद, एवढंच. भुंकला तर अजून लांब. सोबत बास्केट मझलची (जाळीचं मुसकं) सवय, आत दही लावून, घाई न करता, कारण त्यात त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं, कापडी पट्ट्याने तोंड आवळलं की पुण्याच्या उन्हात जीवावर बेतू शकतं.

सात महिने झाले. तो परत गुरगुरायला लागलाय आणि आता आम्ही थांबतो. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत त्याच्या गोधडीवर असतो, दार लावलेलं. आईजवळ मात्र परवा आपणहून जाऊन बसला, तिने हात नाही लावला, नुसती बसून राहिली.