डाव्या मेंबरच्या पोटातला गंज

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्यासारख्या डेंटिंगच्या शेडमध्ये एकाच प्रकारच्या गाड्या येऊ लागतात. उसाने भरलेली ट्रॉली रात्री मागच्या दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय चाललेली असते आणि मागून येणाऱ्या मोटारीचा एक कोपरा तिच्याखाली जातो. दहा-वीस रुपयांची लाल पट्टी चिकटवण्याचा कंटाळा किती घरांना महागात पडतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

गेल्या महिन्यात आलेली हॅचबॅक अशीच कागलजवळ धडकलेली होती. गाडी सात वर्षांची होती आणि तिचे मालक माध्यमिक शाळेतले शिक्षक होते. सुदैवाने त्यांना खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. बंपर, रेडिएटर, डावा फेंडर, हेडलाइट हे सर्व जाणारच होते. प्रश्न चेसिसचा होता. आपण सवयीने चेसिस म्हणतो, पण आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्डने जोडून सगळी बॉडीच सांगाडा म्हणून काम करते. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे येणाऱ्या दोन पेट्या म्हणजे मेंबर. डाव्या मेंबरचे टोक 22 मिलिमीटर आत वळले होते आणि सस्पेन्शनचा टॉवर 14 मिलिमीटर मागे सरकला होता.

नुकसान तपासायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मेंबरपुढे ‘दुरुस्ती’ असे लिहिले. सात वर्षांच्या गाडीचा लोखंडी भाग बदलला तर विम्याच्या पैशांतून 40 टक्के घसारा कापला जातो, त्यामुळे भाग बदलण्याचा आग्रह मालकांनीही धरला नाही. गाडी बेंचवर, म्हणजे बॉडी पकडून चेनने ओढण्याच्या लोखंडी चौकटीवर चढवली, दारांखालची कड म्हणजे सिल चारही ठिकाणी क्लॅम्पमध्ये आवळली आणि ओढायला घेतली. चेन ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही, हा नियम मी नव्या पोरांना हत्याराच्या नावाआधी शिकवतो.

चांगला पत्रा ओढताना झुंजतो. चेन ओढणाऱ्या पंपाचा काटा चढत जातो, घडीच्या आसपास हलक्या हातोडीने ठोकत राहावे लागते आणि ताण सोडला की पत्रा तीन-चार मिलिमीटर मागे फिरतो. म्हणून तेवढा पुढे ओढून मग सोडायचा असतो. हा मेंबर झुंजलाच नाही. काटा नेहमीच्या निम्म्यावर असतानाच तो मऊ शिशासारखा पुढे आला आणि ताण सोडल्यावर जेथल्या तेथे थांबला. मदतनीस आनंदाने म्हणाला, “दादा, पहिल्याच ओढीत माप आलं.” मला मात्र ते माप बघून भीती वाटली.

खालचे काळे कोटिंग खरवडले, तेव्हा हातोडीचे जुने वळ दिसले. मेंबरच्या पुढच्या भागात कंपनीने मुद्दाम आडव्या खाचा ठेवलेल्या असतात, धडकेत तो तेथे घडी पडत दुमडावा आणि धक्का आसनापर्यंत पोहोचण्याआधी जिरावा म्हणून. त्या खाचा ठोकून सपाट केल्या होत्या. बोल्टच्या भोकातून आत टॉर्च मारला, तर उजव्या मेंबरच्या पोटात कारखान्याचा रंग शाबूत होता आणि डाव्याच्या पोटात तो जळून गंजाचे पापुद्रे सुटले होते. कोणीतरी पूर्वी गॅसने लाल करून तो सरळ केला होता. ज्या पत्र्याचे बळच कारखान्यात विशिष्ट पद्धतीने तापवून, दाबून आणि थंड करून आणलेले असते, त्याला गॅसची ज्योत लावली की ते बळ निघून जाते.

सर्व्हेअरला फोटो पाठवले. “हे या अपघाताचे नुकसान नाही,” असे उत्तर आले. कागदावर ते बरोबर होते आणि मला ते अजून खटकते. मालकांनी ही गाडी दोन वर्षांपूर्वी एजंटकडून घेतली होती. बंपरला रंग दिला आहे, एवढेच त्यांना सांगितले गेले होते. ते म्हणाले, “मापं बरोबर आली म्हणता, मग धोका कसला?” मी त्यांना सांगितले, “सर, मापावरून लोखंड आज कुठे उभं आहे ते कळतं. पुढच्या धडकेत ते कसं दुमडेल, ते मापात दिसत नाही.” त्यांनी दोन दिवस विचार केला आणि स्वतःच्या खर्चाने मेंबर बदलायला सांगितले. स्पॉट एकेक करून ड्रिलने सोडवले, जोडाच्या दोन्ही पृष्ठांवर जस्ताचा प्रायमर मारला, बॅटरी काढून ती भोके वेल्डने भरली, म्हणजे प्लग वेल्ड केले आणि शेवटी पोकळीत मेण फवारले. सर्व मापे तीन मिलिमीटरच्या आत आली.

कापून काढलेला तुकडा मी टाकलेला नाही, कारण हातोडीचे ते वळ मला ओळखीचे आहेत. सुरुवातीची आठ वर्षे मीही असेच केले. उस्तादांनी तसेच शिकवले होते, पत्रा लाल झाला की लोण्यासारखा वळतो म्हणून, आणि सफाईदार काम म्हणून गिऱ्हाइके माझेच नाव सांगत. त्या काळात मी तापवून सरळ केलेली एक पांढरी गाडी आमच्या गल्लीत अजून उभी असते. तिच्या मालकांना मी गेल्या आठवड्यात सर्व खरे सांगून, गाडी एकदा बेंचवर आणा, पैसे घेणार नाही, असे म्हटले आहे. ते अजून आलेले नाहीत.