गॉगल कपाळावर होता

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, आता डोळा ठीक आहे म्हणून निवांत लिहितोय. हिंगण्याकडे एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी कामाला आहे. सकाळचे साडेआठच झालेले पण पत्र्याचं शेड आताच तापलेलं, आपल्या नागपूरचा मे म्हणजे सांगायलाच नको, घामानं गॉगल दोन मिनिटात धूसर. म्हणून तो कपाळावर. आणि गॅस कटिंगचा गॉगल काळा असतो, त्यातून सिलेंडरवरच्या गेजचा, म्हणजे प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा दिसतच नाही ना बाप्पा.

रात्रपाळीवाल्यानं ऑक्सिजन बंद केला पण रेग्युलेटरचा, म्हणजे सिलेंडरचं प्रेशर कमी करून पुढं सोडणाऱ्या भागाचा, स्क्रू ढिला केलाच नाही, मीही पाहिलं नाही, सिलेंडरला चावी लावली आणि झटक्यात फिरवली, वरून गेजची काच जुनी, पिवळी पडलेली, काटा दिसेना म्हणून वाकून तोंड पार जवळ नेलेलं. फट्ट! गेजची काच फुटली.

भरलेल्या सिलेंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 150 किलोच्या आसपास प्रेशर असतं, कारच्या टायरात दोन-सव्वादोन. स्क्रू घट्ट असला की वाल्व उघडताच तो दणका पुढच्या छोट्या गेजवर बसतो, तो बिचारा त्यासाठी बनलेलाच नसतो. स्क्रू ढिला करा, बाजूला उभे राहा, हळूहळू उघडा. हे मीच पोरांना शिकवतो, हीच तर लाज. ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, हे सगळे पाळतात कारण आगीची भीती वाटते. काचेची कोणाला वाटत नाही.

नंबरचा चष्मा होता म्हणून वाचलो, तरी खालच्या फटीतून एक कण डाव्या डोळ्यात गेला. एक जण पाण्याची बादली घेऊन धावला, पण आमचा हेल्पर ओरडला, "भाऊ, चोळू नका, हात नका लावू!" ॲसिड-बिसिड उडालं तर 15-20 मिनिटं पाणी मारतच राहायचं, पण काच रुतली असली तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, स्वतः काढायची तर मुळीच नाही. त्यानं चहाचा कागदी कप डोळ्यावर उलटा ठेवून टेप मारला आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बधिर करायचे थेंब टाकले, पिवळा रंग लावून निळ्या लाइटखाली पाहिलं, ओरखडा असेल तिथं तो हिरवा चमकतो म्हणे. कण बुबुळावरच अडकला होता, आत गेला नव्हता. दुखत काहीच नाही पण सुई डोळ्याकडे येताना दिसते, ते मी विसरू शकत नाही.

गंमत म्हणजे देशभरातल्या सिलेंडरचे नियम सांभाळणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. गॅस सिलेंडर नियम 2016 चे, डोळ्यांच्या संरक्षणाचं कलम 35 तर 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच होतं. कायद्यात कमी काहीच नाही, कमी पडला तो माझ्या कपाळावरचा गॉगल.

आता गेज बदलले. गॉगल काळी काच वर उचलता येते तसला घेतला, खाली पांढरी काच राहते, काटा दिसतो. पण धूसर तोही होतोच, साबण चोळून पाहिला, फार टिकत नाही. इतवारी-गांधीबागकडे धूसर न होणारे कुठं मिळत असतील तर सांगा राजेहो, मे परत येतोय.