बोटभर काळी वायर

कोथरूडच्या एका जुन्या इमारतीतून एका काकांचा फोन आला, कॉम्प्युटरचा टॉप (प्लग) वितळलाय, बदलून द्या. असली कामं मी दोन मोठ्या कामांच्या मधे उरकतो.

वितळला होता कन्व्हर्टर. काकांचा मुलगा घरून थ्रीडी रेंडरिंग करतो. मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आणि १६०० वॅटचा पॉवर सप्लाय. त्याची केबल जाड, भिंतीकडे मोठ्या पिनांचा १६ ॲम्पिअरचा टॉप. कंपनीने तो हौसेने दिलेला नसतो. पण खोलीत सगळे पॉईंट सहा ॲम्पिअरचे, म्हणून मधे स्वस्तातला कन्व्हर्टर. पूर्ण लोडला २३० व्होल्टवर साडेसात-आठ ॲम्पिअर. इस्त्री मधूनमधून कट तरी होते, रेंडरिंग रात्रभर चालतं. "मग एमसीबी का नाही पडला?" काकांनी विचारलं. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. तो १६चा, आठ ॲम्पिअर त्याच्या खिजगणतीतही नाहीत. सैल पिनेपाशी प्लास्टिक वितळतंय, याचा डीबीला, म्हणजे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डाला, पत्ताच लागत नाही.

सॉकेटला हात लावण्याआधी मी मीटर लावतोच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्य व्होल्ट. छान. पण माझा कन्व्हर्टर लावून मशीन लोडवर घेतलं तरी शून्यच. लोड आला की न्यूट्रलच्या वायरीत थोडं व्होल्टेज पडतं, एखाद-दोन व्होल्ट तरी दिसायला हवेत. बोर्ड उघडला. अर्थची हिरवी वायर नव्हतीच. न्यूट्रलवरून बोटभर काळ्या वायरचा तुकडा अर्थच्या स्क्रूखाली नीट पिळून बसवलेला. हात सफाईदार होता, त्याचाच जास्त राग आला.

आधी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या म्हणे, इमारतीतल्या नेहमीच्या वायरमनने दहा मिनिटांत 'अर्थिंग करून दिलं'. झिणझिण्या येणारच. सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून निभावतं. हा तुकडा असताना मागे कुठे न्यूट्रल सुटला असता, तर चालू उपकरणातून फिरून फेज थेट कॅबिनेटवर. आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, नाही.

तुकडा काढून मी डीबीकडे गेलो, तेवढ्यात काकांनी मशीन लावून पत्र्याला हात लावला. "आधीच्या माणसाने शॉक घालवला होता, तुम्ही परत आणलात."

डीबीतलं अर्थ खरं आहे का, ते शंभर वॅटच्या बल्बने पाहिलं. फेज-अर्थवर लख्ख लागला. तिथून अडीच स्क्वेअर एमएमच्या तीन वायरी पट्टीतून खोलीपर्यंत नेल्या. १६चा सॉकेट, वेगळा सी-कर्व्ह एमसीबी (चालू करतानाचा क्षणिक करंट सोसणारा; बी-कर्व्ह असल्या सप्लायला तेवढ्यावरच पडू शकतो) आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी. बिलावर घासाघीस झालीच. ग्राफिक्स कार्डाला कोणी करत नाही, वायरला सगळे करतात.

तो वायरमन त्या इमारतीत वर्षानुवर्षं कामं करतोय. सेक्रेटरींना म्हटलं, बाकीच्या फ्लॅटचे बोर्ड उघडून बघतो, पैसे नकोत. म्हणाले, अजून कोणाची तक्रार नाही. कशी असेल? तुकडा बसला की झिणझिण्या थांबतात. आता काकांकडून सोसायटीच्या नावे पत्र लिहून घेतोय, बोर्डाचा फोटो जोडून.